पाळी, करुणा आणि करार : ‘बॅनियन डिअर’च्या निमित्ताने

१९५७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये ‘द बॅनियन डिअर’ नावाचा एक छोटा रंगीत चित्रपट तयार झाला. हलत्या चित्रांचा, म्हणजे ज्याला आपण कार्टून म्हणतो त्या जातीचा. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास सांगणारे त्याला एखाददुसऱ्या ओळीची जागा देतात आणि पुढे जातात. दलित साहित्याच्या चर्चेत त्याचे नाव निघालेले माझ्या तरी वाचनात नाही. मुलांसाठी काढलेली हरणांची गोष्ट, तिच्यात आपल्या विचाराचे काय, असा समज त्यामागे असावा. हा समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. कारण ही हरणांची गोष्ट निग्रोधमिग जातक आहे, आणि चित्रपटाचे साल १९५७ आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न आपोआप उभे राहतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांचा बुद्ध ग्रंथरूपाने लोकांच्या हाती आला, त्याच वर्षी सरकारी स्टुडिओत बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा रंगवली जात होती. एकाच वर्षी दोन बुद्ध. हे दोघे एकच आहेत काय, हा माझ्या या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१

आधी चित्रपटामागची हकीगत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली स्थापन झाली. त्या काळी प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य लघुपट दाखवणे सक्तीचे होते, त्यामुळे या संस्थेचा हात देशभर पोचत असे. पन्नाशीच्या दशकात तिथे कार्टून विभाग उभा राहिला. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या स्टुडिओतला चित्रकार मुंबईला आला आणि त्याने इथल्या तरुणांना हे तंत्र शिकवले. पुढे भारतीय ॲनिमेशनमध्ये मोठे नाव झालेले राम मोहन याच विभागातून तयार झाले. या शिक्षणाचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘बॅनियन डिअर’.

महाराष्ट्राला हलती चित्रे नवी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ काढली होती. तिसाच्या दशकात प्रभातने ‘जंबूकाका’ हा कोल्ह्यावरचा चित्रपट केला. पण त्या मौजेच्या वस्तू होत्या. सरकार जेव्हा गोष्ट निवडते तेव्हा ती नुसती मौज राहत नाही. नवस्वतंत्र राष्ट्राने अशोकाचे सिंह मुद्रेवर घेतले होते, चक्र झेंड्यावर घेतले होते. १९५६ साली बुद्धजयंतीचा अडीच हजारावा सोहळा सरकारी इतमामाने साजरा झाला. याच काळात राजबन्स खन्नांचा ‘गोतम द बुद्ध’ हा माहितीपट निघाला. ‘बॅनियन डिअर’ याच हवेत जन्मला. हा बुद्ध शांत, कोमल, सर्वांना चालणारा होता. परदेशी पाहुण्यांना दाखवावा असा.

आणि ज्यांनी बुद्ध खरोखरच स्वीकारला त्यांचे काय झाले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला होता. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे केंद्राच्या दृष्टीने धर्मांतरित बौद्ध सवलतीला अपात्र होता. बुद्ध झेंड्यावर चालतो, मुद्रेवर चालतो, कार्टूनमध्ये चालतो. महारवाड्यातल्या माणसाने तो घरात आणला की अर्जावर फुली पडते. ही विसंगती नजरेआड करून या चित्रपटाचे रसग्रहण करणे हा अप्रामाणिकपणा होईल.

२

परंतु चित्रपट काढणाऱ्यांचा हेतू आणि कथेचे सामर्थ्य या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कथेकडे वळू.

वाराणसीच्या राजाला रोज शिकार लागे. त्यासाठी तो प्रजेला कामधंदा सोडून रानात न्यायचा. लोक या वेठीला कंटाळले. त्यांनी विचार केला की राजाच्या बागेत गवत पेरावे, पाणी करावे, रानातली हरणे हाकून आणून बागेत कोंडावीत आणि दार लावून घ्यावे. मग राजाने खुशाल मारीत बसावे, आपण मोकळे. तसे त्यांनी केले. कोंडलेल्या हरणांचे दोन कळप होते, प्रत्येकी पाचशेचे. एकाचा पुढारी निग्रोध म्हणजे वडाचा मृग, तो बोधिसत्त्व. दुसऱ्याचा साख म्हणजे फांदीचा मृग. दोघेही सोन्याच्या कांतीचे. राजाने त्यांना पाहिले आणि या दोघांना अभय दिले. बाकीच्यांवर बाण सुरू झाले. एक मरायचे, दहा घायाळ व्हायची. तेव्हा निग्रोधाने साखाला सुचवले की पाळी लावू. एक दिवस तुझ्या कळपातले एक, एक दिवस माझ्या. ज्याची पाळी त्याने जाऊन ठोकळ्यावर मान ठेवायची.

इथे थांबावे. या कथेत हरणांना बागेत कोंडणारा राजा नाही, राजाच्या वेठीने त्रासलेली प्रजा आहे. आपल्या मानेवरचे ओझे तिने खालच्याच्या मानेवर ढकलले. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. वरच्याचा जाच सोसणारा प्रत्येक जण आपल्या खाली कोणीतरी आहे या समाधानावर जगतो आणि म्हणून व्यवस्थेविरुद्ध उठत नाही. ही कथा रचणाऱ्याने हे सूत्र नेमके टिपले आहे.

दुसरी गोष्ट पाळीची. हा शब्द आपल्या घरात ऐकलेला आहे. माझ्या आज्याने येसकरकीची पाळी केली. गावची वेस राखायची, सरकारी टपाल पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. यंदा या घराची पाळी, पुढच्या वर्षी त्या घराची. पाळी महारवाड्यातच बसून ठरायची. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून अगदी काटेकोर ठरायची. भावकीत पाळीवरून भांडणे व्हायची, पाळीविरुद्ध मात्र होत नसत. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला माणूस आहे. जातक वाचताना मला संस्कृत नाटकातले हरिण आठवले नाही, आज्याची घुंगरांची काठी आठवली. अन्यायाची वाटणी न्यायाने केली की तो न्याय वाटू लागतो, हे या कथेतले पहिले भयंकर सत्य आहे. आणि ही वाटणी सुचवणारा खुद्द बोधिसत्त्व आहे. कथाकाराने त्यालाही सोडलेले नाही.

तिसरी गोष्ट अभयाची. दोन्ही पुढाऱ्यांना ठोकळा माफ आहे. का? ते सोन्याचे आहेत म्हणून. सत्ता नेहमी कळपातल्या एखाददुसऱ्या सोनेरी मृगाला अभय देते. त्याला समितीवर घेते, मंचावर बसवते. त्याने फक्त पाळी नीट चालली आहे ना एवढे पाहायचे. कोणाचे नाव घ्यायची गरज नाही. वाचकांनी आपापल्या तालुक्यात नजर टाकावी.

३

एके दिवशी साखाच्या कळपातल्या गाभण हरिणीची पाळी येते. ती साखाकडे जाते. तिचे म्हणणे एवढेच की मला विऊ दे, मग आम्ही दोघेही आपापल्या पाळीने जाऊ; आज माझी पाळी पुढे ढकल. साख म्हणतो, तुझी पाळी दुसऱ्यावर कशी टाकू? जे आले ते भोग. ती निग्रोधाकडे जाते. निग्रोध म्हणतो, तू जा, मी पाहतो. आणि स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो.

या कथेवर बोलताना सारे जण निग्रोधाच्या त्यागावर थांबतात. मला हरिणीजवळ थांबावेसे वाटते. तिची मागणी किती लहान आहे पाहा. ती माफी मागत नाही, मुदत मागते. पोटातल्या जिवाच्याही मरणाची हमी ती आधीच देऊन बसली आहे. व्यवस्था माणसाच्या मागण्याच केवढ्या आखूड करून टाकते याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही. तरीही तिच्या त्या लहान मागणीत एक हिशेब आहे: पाळी एकाची आहे, जीव दोन जात आहेत. नियमाच्या भाषेतच तिने नियमाची चूक दाखवली. साखाला ती चूक ऐकू आली नाही. निग्रोधाला आली, आणि त्याला उमगले की आपल्या अभयाच्या बळावर आपण या नियमाचे राखणदार झालो आहोत. म्हणून त्याने अभय टाकले. त्याचे मोठेपण मी नाकारीत नाही. परंतु ती बोलली नसती तर तो उठला नसता. कथेची पहिली विद्रोही ती आहे, आणि आपल्या समीक्षेला मात्र तिचे रडणे तेवढे दिसते.

मूळ पाली जातकाला एक चौकट आहे, ती मुलांच्या आवृत्त्यांत गळते. चित्रपटही मृगकथेपुरताच आहे. ती चौकट अशी: नवऱ्याच्या संमतीने भिक्खुणी झालेली एक स्त्री. संघात येण्याआधीच तिला दिवस गेले होते, पण तिला ते ठाऊक नव्हते. पोट दिसू लागताच ज्याच्या पंथात ती होती त्या देवदत्ताने आपल्या अब्रूला भिऊन चौकशी न करताच तिला काढून टाकले. ती श्रावस्तीला बुद्धाकडे गेली. बुद्धाने निवाड्याचे काम उपालीकडे सोपवले. उपालीने विशाखेला बोलावले, विशाखेने पडद्याआड तपासून दिवसमहिन्यांचा हिशेब केला, आणि राजा प्रसेनजिताच्या व चारही परिषदांच्या समक्ष उपालीने ती निर्दोष असल्याचा निर्णय दिला.

हा उपाली कोण? शाक्यांचा न्हावी. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात खालच्या थरातून धम्मात आलेल्यांची प्रकरणे दिली आहेत, त्यांत भंगी सुनीत आहे, आणि उपालीही आहे. ज्याच्या हाती वस्तरा होता तो विनयाचा श्रेष्ठ जाणकार झाला. भरसभेत, राजासमोर, एका स्त्रीच्या अब्रूचा निवाडा न्हाव्याने दिला, तोही पुरावा मागून. ही चौकट काढून टाकली की जातक म्हणजे नुसती ‘प्राण्यांवर दया करा’ एवढीच शिकवण उरते. चौकटीसकट वाचले की ते न्यायाचे प्रकरण होते. आपल्यापर्यंत पोचता पोचता काय गळते आणि काय उरते, यात अपघात फार थोडा असतो.

४

आता ठोकळ्यापाशी काय घडते ते पाहू. स्वयंपाकी सोनेरी मृगाला पाहून दचकतो आणि राजाला बोलावतो. राजा हकीगत ऐकून प्रसन्न होतो, म्हणतो, तुला आणि तिला अभय. शाळेतल्या गोष्टीत राजाचे हृदयपरिवर्तन झाले, सर्व सुखी झाले. या ‘हृदयपरिवर्तना’ची आपल्याला सवय आहे. वरच्याचे मन पाझरेल आणि खालच्याचे दुःख सरेल, या आशेवर आपल्या कितीतरी पिढ्या बसवून ठेवल्या गेल्या. बाबासाहेबांनी ही आशा टाकून हक्काची भाषा घेतली. म्हणून प्रश्न असा की ही कथा हृदयपरिवर्तनाची असेल तर ती आपली कशी?

पण मूळ संवाद पाहावा. दोघांना अभय मिळताच निग्रोध उठत नाही. तो विचारतो, दोघे वाचलो, बाकीच्यांचे काय? राजा बागेतल्या सर्व हरणांना अभय देतो. बागेबाहेरच्या हरणांचे काय? त्यांनाही. इतर चतुष्पादांचे काय? पक्ष्यांचे काय? पाण्यातल्या माशांचे काय? मान ठोकळ्यावर ठेवूनच तो एक एक पायरी वर चढतो. याला याचना म्हणता येणार नाही. आपल्यापुरती मिळालेली सूट नाकारून ती सर्वांचा नियम होईपर्यंत न उठणे, हे चळवळीचे व्याकरण आहे. साखाला अभय मिळाले तेव्हा तो गप्प बसला. निग्रोधाला दोनदा मिळाले, आणि दोन्ही वेळा ते त्याला पुरले नाही.

तरीही सुरी राजाच्याच हातात राहते हा आक्षेप उरतोच. त्याचे उत्तर कथेच्या शेवटच्या भागात आहे, आणि बालकथा बहुधा त्याआधीच मिटते. अभय मिळालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे जातात. राजा म्हणतो, राज्य सोडीन पण शब्द मोडणार नाही. हे निग्रोधाला कळते. तो कळपाला बोलावून सांगतो की यापुढे कोणाच्या पिकात जायचे नाही. आणि लोकांना निरोप देतो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून पाने बांधा. त्या दिवसापासून पानांची खूण पाहून हरिण पुढे जात नाही, असे कथा सांगते.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. उगवून आलेली तूर, हरभरा हरणांनी आणि रानडुकरांनी साफ केल्याची तक्रार आमच्याकडे दर हंगामात असते. आमचा शेतकरी पाने बांधत नाही, जुन्या साड्या बांधतो. वर्गात ही कथा सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, सर, हरणाला अभय दिले ते राजाने, पीक गेले ते कुणब्याचे, हा कुठला न्याय? त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि जातककाराने तो आधीच ओळखला होता. वरून दिलेल्या दयेची किंमत दुसऱ्याच गरिबाने मोजावी हे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने दयेवर कथा संपवली नाही. ज्यांनी एकेकाळी हरणांना कोंडले ते आणि जे कोंडले गेले ते, यांच्यात मर्यादेची एक खूण ठरली. दोघांनी ती पाळायची. राजा मध्ये नाही. हा करार आहे. दया राजाबरोबर मरते. करार त्याच्यामागेही टिकू शकतो. आपण ज्याला संविधान म्हणतो ते याहून वेगळे काय आहे?

५

क्लेअर वीक्सने डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केले होते. १९४२ च्या त्या प्रसिद्ध चित्रपटात शिकारी माणूस पडद्यावर दिसतच नाही. बंदुकीचा आवाज येतो आणि बॅम्बीची आई जाते. बॅम्बीचा मूळ लेखक फेलिक्स साल्टेन हा ज्यू होता, आणि त्याची ही कादंबरी ज्यूंच्या छळाचे रूपक म्हणून वाचली गेली आहे. जंगलातल्या हरणांची गोष्ट ही माणसांचीच असते हे जगाला नवे नाही. पण बॅम्बीत मारणारा अदृश्य आहे, निसर्गातल्या वणव्यासारखा. निग्रोधाच्या कथेत तो दिसावाच लागतो. त्याला तोंड आहे, नाव आहे, त्याला समोर बसवून प्रश्न विचारता येतो. अत्याचार करणारा ‘नियती’ नसून माणूस आहे, आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो, ही बुद्धाच्या परंपरेची देणगी आहे.

याच सोनेरी मृगाचे आपल्याकडे दुसरेही रूप आहे. येडशीजवळ रामलिंगाचा घाट आहे. रावणाशी झुंजून जटायू इथे पडला असे लोक सांगतात, त्याची समाधी दाखवतात. आज त्या रानात अभयारण्य आहे. लहानपणी शाळेची सहल दर वर्षी तिथे जाई आणि गुरुजी सीतेला भुलवणाऱ्या कांचनमृगाची गोष्ट सांगत. तो मृग म्हणजे मारीच राक्षस. सोने म्हणजे कपट. त्याच्यावर बाण सोडणे योग्यच. या घाटापासून जवळच तेर आहे, प्राचीन तगर. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होते असे पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे या मुलखात कधीकाळी दुसऱ्या सोनेरी मृगाचीही गोष्ट सांगितली जात असणार. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ती आजही रंगात आहे. ह्युएनत्संगाने ती सारनाथच्या मृगदावाशी जोडली आहे, जिथे पहिले धम्मचक्र फिरले. एका परंपरेत सोनेरी मृग मारण्याजोगा, दुसरीत तोच बोधिसत्त्व. माझ्या शाळेत मला एकच गोष्ट मिळाली. दुसरी मला पदव्युत्तर शिक्षणानंतर, स्वतःच्या हिमतीवर, शोधावी लागली.

जातकांत पुनर्जन्म आहे, मग आंबेडकरी बौद्धाने ती का वाचावीत, असे काही मित्र विचारतात. बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला हे खरे. परंतु त्यांनी जातकांच्या कल्पनेची अवताराच्या कल्पनेशी तुलना करून फरकही दाखवला आहे. अवताराला आचरणाच्या शुद्धतेची अट नाही, बोधिसत्त्वाला ती प्रत्येक पायरीवर आहे. जातक म्हणजे पूर्वजन्माचा पुरावा समजू नये. माणूस बुद्ध होण्याआधी कोणत्या कसोट्यांतून जावा लागतो, त्याची ती तपासणी आहे असे समजून वाचावे. या कथेतला निग्रोधही आधी पाळी लावतो आणि नंतर तीच पाळी आपल्या मानेने मोडतो. तो शिकतो. अवतार शिकत नाहीत.

तेव्हा १९५७ च्या त्या दोन बुद्धांचे काय? ते एक नाहीत. सरकारी पडद्यावरचा बुद्ध दया शिकवतो आणि ठोकळ्याबद्दल बोलत नाही. बाबासाहेबांचा बुद्ध ठोकळा कोणी घडवला ते विचारतो. पण ‘बॅनियन डिअर’ मला टाकून द्यावासा वाटत नाही. सरकारने नकळत आपलीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचवली आहे. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. हा चित्रपट मात्र आज संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येतो, आणि गोष्ट कोणाच्या मालकीची नसते.

आपल्या विहारांत रविवारी मुले जमतात, वसतिगृहांत विद्यार्थी असतात. तिथे हा चित्रपट जरूर दाखवावा. दाखवून झाल्यावर चार प्रश्न विचारावेत. हरणांना बागेत कोणी कोंडले? पाळी कोणी लावली? ती चूक आहे हे आधी कोण बोलले? आणि अभय मिळाल्यावर कोण गप्प बसला? जातकातली गाथा त्या हरिणीच्या तोंडी आहे. कोणत्या पुढाऱ्याजवळ राहावे आणि कोणाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, हे ती आपल्या पाडसाला बजावते. पुढारी निवडण्याचा अधिकार कथेने तिच्याकडे दिला आहे. आपल्या मुलांनी तो तिच्याकडून शिकावा.